उपवनचा सूर्य पंचांगाच्या आधी मावळतो

गेल्या डिसेंबरात नागपूरहून भाचा आला, नवा कोरा कॅमेरा घेऊन. त्याला ठाण्याचा सूर्यास्त हवा होता. मोबाईलने वेळ सांगितली ६ वाजून ४ मिनिटं. मी म्हटलं, पावणेसहाला उपवनला पोचू, चहा घेऊ, आरामात फोटो काढू. पोचलो तर घाटाच्या पायऱ्यांवर सावली उतरलेली, तळ्याचं पाणी शिसपेन्सिलीच्या रंगाचं आणि समोर येऊरच्या डोंगराची काळी कड. "मावशी, सूर्य कुठाय?" वीस वर्षं ठाण्यात काढलेल्या बाईला हा प्रश्न चांगलाच झोंबला. सूर्य मावळला नव्हता, डोंगराआड गेला होता. पण आमच्यापुरता गेलाच.

त्या संध्याकाळनंतर मी निम्मा फोटो घरी बसूनच काढायला लागले. फोटोग्राफीच्या व्हिडिओंमध्ये ज्याचं एवढं कौतुक असतं तो 'गोल्डन अवर', म्हणजे सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड, आपल्याकडे तासाचा नसतोच. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, लंडनसारखा तिरका रेंगाळत नाही. क्षितिजाच्या ६ अंश वर असल्यापासून टेकेपर्यंत त्याला इथे २५ ते २८ मिनिटं लागतात. लंडनला मार्च महिन्यात हेच अंतर कापायला चाळीसेक मिनिटं जातात. मावळल्यानंतरचा उजेडही इथे २२ ते २५ मिनिटांत आटोपतो. 'जरा पुढे जाऊन बघू, तिथून बरं दिसेल' असं म्हणत गाडी वळवली की खेळ खलास. म्हणून जागा, दिशा, पाणी आणि ढग या चार गोष्टी आधी ठरवायच्या. कॅमेऱ्याची बटणं त्यानंतर.

खाडी कुठल्या हाताला?

ठाणे आणि नवी मुंबई एकाच खाडीच्या दोन काठांवर आहेत. ठाण्याच्या पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला येऊर. नवी मुंबईच्या पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला पारसिकची रांग, तिच्या दक्षिणेला खारघरचे डोंगर. म्हणजे ठाणेकराचा सूर्य पाण्याच्या बाजूने उगवतो, नवी मुंबईकराचा पाण्याच्या बाजूला मावळतो. बाहेरगावचा माणूस दोन दिवस आला असेल तर त्याला पहाटे ठाणे पूर्वेला चेंदणी कोळीवाड्याजवळच्या मीठबंदरावर न्या आणि संध्याकाळी वाशीच्या सागर विहारला. उलटं केलंत तर दोन्हीकडे डोंगराच्या सावलीत उभे राहाल.

मग उपवनचं काय करायचं? तिथे सकाळी जायचं. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, येऊरच्या उतारावर पहिलं ऊन समोरून पडतं आणि वारा सुटायच्या आत तळ्यात तो सगळा डोंगर उलटा दिसतो. थंडीत पाण्यावर थोडं धुकं असलं तर दुधात साखर. इतकी वर्षं मी उपवनला संध्याकाळी जात होते, कारण सगळे संध्याकाळी जातात.

मूठभर आकाश

हात समोर सरळ ताणा आणि मूठ वळा. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये एक मूठ मावली तर आपल्याकडे सूर्य टेकायला ४० ते ४५ मिनिटं आहेत. 'चार बोटं म्हणजे एक तास' हा व्हिडिओंमधला हिशोब थंड देशांतला आहे. तो इथे वापरलात तर पंधरावीस मिनिटांनी फसाल. (सूर्य वर असताना त्याच्याकडे रोखून बघू नका. मुठीने त्याला झाकूनच मोजा.)

आता हीच मूठ डोंगरावर लावा. जिथे सूर्य जाणार आहे नेमकी तिथली डोंगराची कड अर्धी मूठ उंच असेल तर सूर्यास्ताच्या छापील वेळेतून वीसेक मिनिटं वजा करायची. मीठबंदरावर उलट: पारसिकची कड जेवढी वर, तेवढा सूर्य उशिरा डोकावणार. ही गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. सूर्य दिसायच्या आधीच आकाश रंगलेलं असतं, त्यामुळे ऐन रंगाच्या वेळी कॅमेऱ्याच्या डोळ्यात झगझगाट येत नाही.

दिशाही मुठीनेच मोजते मी. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. जूनमध्ये तो अडीच मुठी डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकलेला असतो आणि डिसेंबरात अडीच मुठी उजवीकडे. वर्षभरात पाच मुठींचा हा झोका. एखाद्या टॉवरच्या बरोबर मागून किंवा दोन डोंगरांच्या खाचेतून सूर्य हवा असेल तर तो तुम्हाला वर्षातून दोनदाच, तेही मोजके दिवस मिळतो. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि जाण्याआधी बघा: जूनचा सूर्यास्त साधारण २९५ अंशांवर, डिसेंबरचा २४५ वर. वेळाही ध्यानात असू द्या. जूनच्या सुरुवातीला सूर्य ६ वाजता उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आगेमागे. नोव्हेंबरअखेर सहाच्या ठोक्याला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला ७ वाजून १९-२० मिनिटांनी.

कोळ्याची पाऊणकी

जागा आणि वेळ जुळली, तरी खाडीकाठी पाणीच नसेल तर? पहिल्यांदा मीठबंदरावर मी सोनेरी पाण्याचं स्वप्न घेऊन गेले आणि समोर होता मैलभर चिखल. जाळं विणत बसलेल्या एका काकांना विचारलं, पाणी कधी येईल हो? मी मोबाईलवर भरतीची वेळ शोधतेय हे बघून ते हसले.

"ताई, मोबाईल कशाला? आज तिथी कुठली?"

पंचमी होती.

"पाच गुणिले पाऊण. पावणेचार. तवा पाणी भरणार."

पावकी-निमकीबरोबर शाळेत एकेकाळी पाठ करून घेत असत ती ही पाऊणकी. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. दिवसातून दोनदा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरायचे, उत्तर येतं सव्वाअकरा. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तेवढी सूट द्यायची. काटेकोर वेळ हवी तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावंच. पण सहल कुठल्या आठवड्यात काढायची हे ठरवायला पाऊणकी पुरते.

फोटोवाल्यांसाठी यातली खरी मेख पुढे आहे. अष्टमीला भरती येते सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे ऐन उजेडाच्या वेळी खाडी भरलेली. पाण्यातलं प्रतिबिंब, तरंगणारी होडी, आभाळाचा आरसा हवा असेल तर अष्टमीच्या आगेमागे जा. पौर्णिमा-अमावास्येला सहाच्या सुमारास असते ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे हटलेलं. तेव्हा चिखलात वळणावळणाच्या नाळी उघड्या पडतात. तिरप्या उजेडात त्या ओल्या नाळी चांदीच्या तारांसारख्या चमकतात आणि खारफुटीची वर आलेली श्वसनमुळं एकेक सुटी दिसतात. मला विचाराल तर हा चिखल पाण्यापेक्षा देखणा आहे. फक्त त्यात पाय घालू नका. वरून टणक दिसतो, पण गुडघ्यापर्यंत ओढून घेतो, आणि पाणी परत येताना वाट बघत नाही.

आभाळ आदल्या दिवशी

संध्याकाळचं आभाळ पेटेल की नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण अंदाज बांधता येतो. डोक्यावर उंच, विरळ, कापूस पिंजल्यासारखे ढग असावेत आणि पश्चिमेला क्षितिजापाशी फट असावी. मावळता सूर्य त्या फटीतून ढगांना खालून रंगवतो. आपल्या पश्चिमेला समुद्र आहे, म्हणून ही फट समुद्रावर शोधायची. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाची छायाचित्रं येतात, त्यात दुपारी तीन-चार वाजता किनाऱ्याच्या पश्चिमेला ढगांची जाड गादी दिसली तर घरी बसून भजी तळलेली बरी.

थंडीतली अडचण वेगळी. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. खाडीवरचा सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच राखेत विझल्यासारखा गायब होतो. त्या दिवसांत लांबचा देखावा विसरा. डोंगरांच्या एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या रांगा मात्र याच हवेत सुंदर येतात. खारघरच्या टेकडीवरून सकाळी पूर्वेकडे बघा, झूम लेन्स लावून. स्वच्छ हवेसाठी माझा महिना ऑक्टोबर, पाऊस नुकताच संपलेला असताना.

पिशवीत काय

फार नाही. तिपाई, भरलेली बॅटरी, लेन्स पुसायचं सुती फडकं, टॉर्च, पाणी. हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप पावसात कॅमेऱ्यावर चढवायला उत्तम. पोलरायझर फिल्टर असेल तर पावसाळ्यात न्याच, ओल्या पानांवरची चकाकी जाऊन खरा हिरवा उतरतो. सूर्य डाव्या-उजव्या खांद्याशी असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त. एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) स्वस्तातला घेऊ नका. मी घेतला होता, वर्षभर माझं प्रत्येक आभाळ जांभळट यायचं आणि मी स्वतःच्या एडिटिंगला दोष देत होते.

आणि एसी. गारेगार गाडीतून उतरून तलावपाळीच्या दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते. पंधरावीस मिनिटं जातात, म्हणजे इथल्या हिशोबाने अख्खा सूर्यास्त. उतरायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा, किंवा पिशवी डिकीत ठेवा. हाच दमटपणा घरी लेन्सच्या आत बुरशी वाढवतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा.

काठावरचा तो दीड तास

सागर विहारची एक संध्याकाळ धरू. सूर्यास्त ६:३०. मी ५:३० ला पोचते. पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच. चालायचं, खाली बसून बघायचं, पुढे काय ठेवायचं ते शोधायचं: होडीचं टोक, खारफुटीची फांदी, ओली पायरी. नुसतं आभाळ आणि पाणी कुठल्याही गावचं असू शकतं. पुढचं लाकूड, दोर आणि शेवाळ बघून ही वाशी आहे हे कळतं.

५:५० ला तिपाई लावायची. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, छिद्र (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) एफ/८. साध्या कॅमेऱ्याच्या किट लेन्सवर १८ मिमीला एफ/८ ठेवून दोन मीटरवर फोकस केलात की एक मीटरपासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोकस एकदा जमला की मॅन्युअलवर टाका, अंधारात कॅमेऱ्याला शोधाशोध करायला लावू नका. व्हाईट बॅलन्स ऑटोवरून काढून सूर्याच्या चिन्हावर ठेवा. ऑटो बिचारा प्रामाणिकपणे केशरी रंग 'दुरुस्त' करत बसतो आणि तुमची संध्याकाळ दुपार होऊन जाते. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ रूपात) ठेवा.

६:०० ते ६:३० मध्ये उजेड दर दोन मिनिटांनी बदलतो. सूर्य चौकटीत असेल तर एक्सपोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) मुद्दाम पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवायचा; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत असेल तर आणखी कमी. अंधारातलं नंतर थोडं वर काढता येतं, पण पांढरं जळलेलं आभाळ परत येत नाही. आभाळ आणि चिखल यांच्यात फारच फरक असेल तर तीन फोटो काढा: योग्य, दोन स्टॉप कमी, दोन स्टॉप जास्त. घरी जोडता येतात.

फोन असेल तर? आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजरला कुलूप पडेल, मग बोट खाली ओढत न्या, रंग परत येईपर्यंत. एवढं एक जमलं तरी निम्मे फोटो सुधारतात. लेन्स आधी सदऱ्याच्या टोकाला पुसा. फोनचे फिकट, धुरकट फोटो बहुतेक वेळा बोटांच्या तेलाने येतात.

६:३०. सूर्य गेला. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवल्यासारखे हात झटकतात, भेळेच्या गाडीकडे वळतात. तुम्ही हलू नका. ६:३५ ते ६:४५ या दहा मिनिटांत वरचे ढग पेटतात, पेटायचे असले तर. मान वळवून पूर्वेकडेही बघा, तिथे डोंगरांवर गुलाबी पट्टा चढत असतो आणि त्याच्या खाली पृथ्वीचीच निळसर सावली. ६:४५ नंतर दिवे लागतात. आभाळाचा निळा आणि पुलावरचे दिवे काही मिनिटं एकमेकांना तोलून धरतात. एफ/११, दहा सेकंद, टायमर दोन सेकंदांवर. सात वाजता आभाळ काळं झालं, की घरी.

त्या दहा सेकंदांसाठी एक सांगते. पादचारी पुलावर तिपाई लावलीत तर शेजारून कुणी चाललं तरी थरथर येते. लोक जाईपर्यंत थांबायचं, मग बटण. पाम बीच रोडवर गाडी बाजूला लावून उभं राहणं तर मुळीच नको, गाड्या तिथे भन्नाट वेगाने येतात. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्याकाठची चालायची वाट आहे, तिथून निवांत काढा.

आषाढ-श्रावणातली तिरीप

पावसाळ्यात सूर्यास्ताची वेळ बघून बाहेर पडण्यात अर्थ नाही. इथला उजेड तास सोडाच, मिनिटांचाही नसतो. ढगाला भोक पडतं, एक तिरीप येऊरच्या उतारावरून सरकत जाते, चाळीस सेकंदांत मिटते. ती पकडायची तर कॅमेरा हातात, कॅप काढलेली, छिद्र एफ/८, आयएसओ ऑटो, शटर १/२५० सेकंदाहून संथ न होणारं. ढगाची सावली कुठून कुठे चाललीये ते दहा मिनिटं बघा. तिरीप त्याच वाटेने येते, तुम्ही आधीच चौकट लावून थांबा.

इंद्रधनुष्यासाठी सूर्याकडे पाठ करायची. आपल्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर, म्हणजे चार मुठींहून थोडं पुढे, कमान उमटते. सूर्य ४२ अंशांहून वर असताना जमिनीवरून ती दिसतच नाही. म्हणून भर दुपारी शोधू नका. चारनंतर ऊन-पाऊस एकत्र आला की ठाण्यातून पूर्वेला, खाडीवर आणि पारसिकवर नजर ठेवा. इथे पोलरायझर जपून फिरवा, उलटा फिरला तर अख्खं इंद्रधनुष्य पुसून टाकतो.

खारघरच्या पांडवकड्याकडे पावसाळ्यात जाण्यावर बहुतेक वेळा बंदी असते. तिथे जीव गेलेले आहेत, तेव्हा पोलिसांशी हुज्जत न घालता लांबून, रस्त्यावरून, झूमने काढा. लांबून धबधबा डोंगराच्या मापात दिसतो, ते जास्त चांगलं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा आहे. अंधार पडायच्या आत खाली उतरायचं.

रोहित पक्ष्यांबद्दल, म्हणजे फ्लेमिंगोंबद्दल, थोडक्यात, कारण तो वेगळा विषय. साधारण नोव्हेंबर ते मे ते खाडीत असतात. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही भरतीवर ठरतात. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या मंडळींच्या बोटीत आपण बसलो असू तर आपणच त्यांना गप्प करायचं. ड्रोन घरी ठेवा. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, नसता ताप होईल.

लोकलच्या खिडकीतून

वेळच नसेल, नुसता प्रवास असेल, तरी एक जागा आहे. मानखुर्द आणि वाशीच्या मध्ये हार्बरची लोकल खाडी ओलांडते, जेमतेम दोन मिनिटं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मानखुर्दहून वाशीकडे येत असाल तर उजवी खिडकी पकडा, सूर्य तिरका त्या बाजूला असतो. मे-जूनच्या संध्याकाळी वाशीहून मानखुर्दकडे जाताना पुन्हा उजवीच. हिवाळ्यातल्या संध्याकाळी या वाटेने सूर्य जवळजवळ मोटरमनच्या समोर येतो, आपल्याला मिळत नाही.

शटर १/१००० वर ठेवा, नाहीतर पुलाचे कठडे रेघा बनतात. फोन खिडकीच्या गजांच्या आतच, गजाला टेकवून, पण कोपर बाहेर नको. दारात तर नकोच नको. पूल लागायच्या आधी एक्सपोजरला कुलूप लावून ठेवा आणि गाडीचा आवाज बदलला की बटण दाबत राहा. वीसातला एखादाच फोटो येतो. भाच्याने त्या सुट्टीत काढलेला सर्वांत चांगला फोटो याच पुलावरचा आहे, सकाळी सव्वासातचा. त्यात डावीकडे माझं अर्धं नाक आलंय, ते त्याने कापू दिलेलं नाही.